मोटारी काढून घ्याव्यात

उत्कर्षाला लोकांना घाबरवण्याचं काम दिलं होतं आणि ते तिनं फार चांगलं केलं. पुढचं सगळं रामायण त्या चांगल्या कामामुळंच घडलं. तिनं ते काम वाईट केलं असतं, तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

सोलापूरला विद्यापीठात तेव्हा एक कार्यशाळा चालू होती. नाव लांबलचक, 'बहुपक्षीय राजनय आणि आंतरराष्ट्रीय विकास'. एवढं नाव तोंडात मावेना म्हणून पोरं तिला 'युनो' म्हणत. मेसच्या मावशीसुद्धा "युनोवाल्यांना आज ताक हाय" असं ओरडून सांगत. कार्यशाळा चालवायचे भीमाशंकर सर. सर कधीकाळी चार दिवस जिनिव्हाला जाऊन आले होते आणि त्या चार दिवसांच्या शिदोरीवर त्यांनी आजवर कितीतरी बॅचा शिकवल्या होत्या. पण शिकवायचे जीव ओतून. ज्यांनी ग्रामपंचायतीची सभासुद्धा खिडकीतूनच बघितली, अशा कुर्डुवाडी-वैरागकडच्या पोरांना ते टाय बांधायला लावत आणि दटावत, "आता तू दिग्विजय नाहीस, तू देश आहेस. देश खुर्चीत मांडी घालून बसत नाही."

देश काल्पनिक होते. नदीच्या वरच्या अंगाला उत्तरवती, तिच्याकडं धरण. खालच्या अंगाला तळदेश, त्याच्याकडं नुसता काठ. बाकीची पोरं म्हणजे शेजारची राष्ट्रं, कर्ज देणारी बँक आणि मदत संस्था. पाणी कधी सोडायचं आणि सोडण्याआधी कुणाला कळवायचं, यावर सगळ्यांनी भांडायचं आणि शेवटी एका ठरावावर यायचं, असा सगळा खेळ. खेळाचे नियम मात्र कडक. पहिल्याच दिवशी उत्तरवती झालेला दिग्विजय तळदेशाला काहीबाही बोलून बसला आणि मग 'शब्द मागे घेतो' अशी चिठ्ठी त्यानं गुपचूप अध्यक्षांकडं सरकवली. सरांनी ती सगळ्यांसमोर टराटरा फाडली. म्हणाले, "ज्यानं मांडलं त्यानंच, ज्या सभेत मांडलं त्याच सभेत, उभं राहून मागं घ्यायचं. चिठ्ठीनं मागं घेतलेलं काही मागं येत नाही."

उत्कर्षा एम.ए.ची. मागच्या वर्षी ती स्वतः एक देश होऊन गेली होती, म्हणून या वर्षी तिला संकट कक्षात बसवलं होतं. वाटाघाटी मऊ पडल्या, पोरं डुलक्या घ्यायला लागली, की संकट कक्षानं एक भयंकर बातमी सोडायची. आणि समितीतल्या प्रत्येकानं ती खरी धरून वागायचं.

त्या दिवशी सकाळपासून तिनं इंग्रजीत दोन संकटं सोडली आणि दोन्ही फुसकी निघाली. अर्धी पोरं शब्दांचे अर्थ शोधत बसली. तेव्हा सर म्हणाले, "मराठीत लिही. तळदेशातल्या लोकांना जसं कळवतील ना, अगदी तसं." उत्कर्षाला एवढंच पाहिजे होतं. तिचं गाव, सावरखेडी, भीमेच्या काठावर. नदीला पाणी सोडलं की गावात काय निरोप येतो, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. कोतवाल भोंगा घेऊन फिरायचा, हल्ली मोबाइलवर येतो, एवढाच फरक. तिनं एका दमात लिहून काढलं:

"सरावासाठी: तळदेश. नदीकाठच्या सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते की, धरणाचे दोन दरवाजे निखळले असून सायंकाळपर्यंत नदीपात्रात प्रचंड प्रमाणात पाणी येणार आहे. तरी सर्वांनी आपापल्या मोटारी तात्काळ काढून घ्याव्यात. आपत्ती व्यवस्थापन विभाग."

सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! फक्त हे वरचं 'सरावासाठी' काढ. आणि 'तळदेश' पण काढ. सांगून इंजेक्शन दिलं की पेशंट आधीच दंड आखडतो." उत्कर्षानं तो तुकडा काढला. तिला स्वतःलाही ते वाक्य त्याच्याविना जास्त सुरेख वाटलं होतं, हे नंतर कितीही झाकलं तरी खरंच होतं.

निरोप समितीच्या ग्रुपवर पडला आणि हॉलमध्ये एकदम दंगा उसळला. तळदेश उभा राहून ओरडायला लागला, उत्तरवतीनं टाय सैल केला, बँक नुसतीच घाम पुसत बसली. संकट कक्षाच्या दारात उभी राहून उत्कर्षा ते बघत होती आणि मनातल्या मनात फुगडी घालत होती.

जेवणाची सुट्टी झाली आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर 'आबा'. वडील दुपारी कधी फोन करत नाहीत. तिनं घाईनं उचलला, तर आवाज आईचा.

"उत्कर्षा, कुटं हायस तू? होस्टेलातनं भाईर पडू नगंस. धरनाची दारं मोडल्यात म्हनं."

उत्कर्षाला आधी हसू आलं. काय योगायोग, असंसुद्धा वाटलं. बुद्धी किती शिकली तरी पहिल्या क्षणाला ती गाढवच असते. "कुणी सांगितलं गं?"

"गावाच्या ग्रुपवर आलंय की. थांब, वाचते." आई शाळेतल्या पोरीसारखी एकेक शब्द लावत वाचायला लागली. "नदीकाठच्या... सर्व शेतकऱ्यांना... कळविण्यात येते की..."

उत्कर्षाच्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला. आपलंच वाक्य, आपल्याच आईच्या तोंडून, स्वल्पविरामासकट.

"आई, आबा कुठायत?"

"नदीला गेल्यात की. मोटार काडायला."

"आणि फोन?"

"भिजंल म्हनून घरात ठिवून गेले. अगं, समदा गाव तिकडंच पळालाय."

मोटार काढायला म्हणजे काय करायला, हे सोलापूरकडच्या नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पात्रात उतरायचं, छातीएवढ्या पाण्यात जायचं, शेताला पाणी देणारी बुडालेली मोटार पाईपापासून सोडवायची आणि दोरानं वर ओढायची. एरवी चार माणसं बेतानं करतात. पण पाणी येतंय म्हटल्यावर बेत कुणाला सुचतो? आणि त्यातून नदीचा तळ आता नदीचा राहिलेला नव्हता. वाळूवाल्यांनी तो जागोजाग कोरून ठेवला होता. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढचं पाऊल टाकतो आणि दोन पुरुष खोल जातो. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावचा धडधाकट पोहणारा गडी तसाच गेला होता. आबांना तर पोहणं आता दमानं जमायचं. त्यांची छाती बिडीनं कधीच खाल्ली होती.

"आई, ऐक. ते खोटं आहे. दारं मोडलेली नाहीत. ते मी लिहिलंय."

"तू?" आईचा आवाज एकदम मऊ झाला. तापात बरळणाऱ्या लेकराशी बोलावं, तशी ती म्हणाली, "तू कशाला लिवशील बाय? सरकारचं हाय त्ये. खाली विभागाचं नाव हाय. तू घाबरू नगंस, पानी पी."

सरकारी भाषा इतकी हुबेहूब जमली होती, की सख्ख्या आईचासुद्धा विश्वास बसेना.

हे गावात गेलं कसं, ते कळायला वेळ लागला नाही. हॉलच्या मागच्या बाकावर महेश्वर नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा भिंतीला टेकून बसला होता. उत्कर्षाच्या शेजारच्याच गावचा, त्याच दिवशी एसटी चुकल्यामुळं उशिरा आलेला. खेळ काय, देश कोणते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"ताई, मी चुलत्याला धाडला, त्येनं फुडं तुमच्या गावात," तो म्हणाला. "खरंच वाटलं मला. आणि सर बी म्हनले की, हे खरं समजून वागा."

त्याला काय बोलणार? तो घाबरला होता. आणि घाबरवायलाच तर लिहिलं होतं.

उत्कर्षानं लालसाबचाचांना फोन लावला. गावात मोटारी ओढायच्या म्हटलं की लालसाबचा ट्रॅक्टर आणि लालसाबचाच दोर. साहजिकच सगळा गाव त्याच वेळी त्यांना फोन करत होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच, 'व्यस्त आहे'. मग तिनं गावाच्या ग्रुपवर लिहिलं, 'ही अफवा आहे. कृपया विश्वास ठेवू नये.' लिहिलं आणि खाली उत्तरांची रांग लागली. 'मागच्या टायमाला बी अफवाच म्हनले हुते, गोठा वाहून गेला.' 'सोलापुरात पंख्याखाली बसून सांगतीया.' कुणीतरी कुठल्या तरी धरणाच्या धबाबा कोसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्यानं त्याखाली लिहिलं, 'आत्ताचा हाय.' बघता बघता तिच्या खोट्याला आवाज फुटला, चित्र आलं आणि साक्षीदारही मिळाले. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं खोटं तिचं होतं आणि गोटा आबांच्या कपाळी बसायची वेळ आली होती.

ती धावत सरांकडं गेली. सरांनी ऐकलं, खुर्चीत बसले आणि रुमालानं मान पुसली. जिनिव्हा कुठल्या कुठं पळालं होतं.

"हे बघ, घाईत काही बोलू नकोस. अफवा पसरवली म्हणून गुन्हा दाखल होतो, माहीत आहे ना? तुझ्या नावावर. पुढं नोकरी, पासपोर्ट, सगळ्यालाच आडवं येईल. मी वर बोलतो. एक निवेदन काढू. 'काही संभ्रम निर्माण झाला असल्यास', असं काहीतरी. संध्याकाळपर्यंत काढू."

"सर, संध्याकाळपर्यंत माझे आबा नदीत आहेत."

सरांनी पुन्हा मान पुसली. तेही घाबरले होते. वाईट माणूस नव्हता तो.

उत्कर्षा बाहेर व्हरांड्यात आली. गुन्ह्याची भीती होतीच. पोलीस दारात आले तर आबा खाली मान घालून कसे उभे राहतील, तेही डोळ्यांपुढं आलं. आणि भीतीच्या तळाशी एक चोरटा विचारही होता, की गप्प बसलं तर कुणालाही कळणार नाही. फिरणाऱ्या निरोपाला बाप नसतो. महेश्वर बोलणार नाही, सर तर बोलणारच नाहीत. आबा आपले आपण वर येतीलही. इतकी वर्षं नदीत उतरणारा माणूस.

येतीलही. त्या 'ही'वर ती अडली. तिला सरांनी फाडलेली दिग्विजयची चिठ्ठी आठवली. 'ही अफवा आहे' हे तिनं लिहिलेलं म्हणजे तसलीच चिठ्ठी होती. तिनं गावाचा ग्रुप उघडला, बोलायचं बटण दाबून धरलं आणि उभी राहिली. ती आधीपासून उभीच होती, पण आता जाणून उभी राहिली.

"मी उत्कर्षा. आबासाहेबांची. धरनाचा जो निरोप फिरतोय त्यो सरकारचा न्हाय. त्यो मी लिवलाय. हितं विद्यापीठात आमच्या अभ्यासात खोटं खोटं संकट लिवायचं असतंय, त्यातलं हाय त्ये. वर 'सरावासाठी' असं हुतं, त्ये मीच काडलं. दारं मोडली न्हाईत. पानी येत न्हाय. काय शिव्या घालायच्या त्या मला मागनं घाला, पर आदी नदीतनं भाईर या. लालसाबचाचा, ऐकत असाल तर ह्ये मोठ्यानं लावा. आबा, मोटार सोडा. तुमी वर या."

वर्षभर घासून घासून आणलेली विद्यापीठाची भाषा कुठं गळून पडली, तिला कळलंसुद्धा नाही.

मग वाट बघणं. ग्रुपवर एकदम सामसूम झाली, आणि ती शिव्यांपेक्षा वाईट होती. व्हरांड्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली आणि लहानपणी आजारी पडल्यावर आई म्हणायला लावायची ते सिद्धेश्वराचं नाव घेत राहिली. आपण एम.ए. आहोत याची तिला आठवण नव्हती. तिला फक्त पाण्यावर तरंगणारा आबांचा पांढरा गमछा दिसत होता. ती डोळे मिटायची, तरी दिसायचा.

फोन वाजला तेव्हा तो तिच्या हातातून पडलाच.

"पोरी, लालसाब बोलतोय. हाय तुजा बाप. धर, दितो."

पलीकडून आधी नुसता दम लागलेला श्वास आला. तो श्वास तिनं ओळखला आणि ती तिथंच फरशीवर बसली.

"पाय गेला हुता खड्ड्यात," आबा म्हणाले. "पाईप धरून लोंबत हुतो. वरडायला दम न्हवता. समदी आपापल्या मोटारीच्या नादात, कोन बगतंय? मग ह्या लालसाबनं तुजा आवाज लावला बांदावरनं. मोटारी सोडून समद्यांनी माना वर केल्या, तवा मी दिसलो त्येंला. दोर टाकला."

उत्कर्षानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"रडू नगंस," आबा म्हणाले. मग, "मोठं काम केलंस बग. समद्या गावाला पळवलंस. आता चावडीवर मी काय तोंड घिऊन जाऊ?"

तेवढं मात्र लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

पोलीस ठाण्यात तिला समज देऊन सोडलं. सरांनीही तिथं येऊन "वरचा शब्द काढायला मीच सांगितलं" असं कबूल केलं, हे त्यांच्या बाजूला मांडायला हवं. गावानं मात्र समज देऊन सोडलं नाही. उत्कर्षा सुट्टीला गेली की पारावरची माणसं हाका मारायची, "काय युनोबाई, आज काय सोडताय? भूकंप?" आबा पारावर जायचे बंद झाले. ते काही बोलत नसत, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

पितृपंधरवडा लागला आणि वर, घाटाकडं, पाऊस कोसळायला लागला. सोलापुरात नुसतं आभाळ दाटलेलं. एका दुपारी उत्कर्षा ग्रंथालयात बसली असताना गावाच्या ग्रुपवर निरोप आला. 'नदीकाठच्या सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते की...' पुढं तेच. धरण भरलं, विसर्ग वाढवला, तरी सर्वांनी आपापल्या मोटारी तात्काळ काढून घ्याव्यात. कारण सोडलं, तर तिच्या वाक्यात आणि यात काना-मात्रेचा फरक नव्हता.

खाली लगेच हसणं सुरू झालं. 'आली युनो.' 'उत्कर्षाबाई, ह्यो बी तुमचाच का?' 'चहा ठिवा, पानी संध्याकाळी येतंय म्हनं.'

तिनं तहसील कार्यालयात फोन लावला आणि लागेपर्यंत लावत राहिली. पलीकडचा कारकून वैतागून म्हणाला, "अहो बाई, खराच आहे. पाणी निघालंय. लोकांना सांगा ना."

सांगा! आता तिनं सांगायचं? ज्या तोंडानं गाव एकदा पळवला, त्याच तोंडानं? या वेळची भीती आधीच्या भीतीहून मोठी होती. तेव्हा आबा एका खोट्यापायी नदीत गेले होते. आता ते खऱ्याला हसत नदीकाठच्या वस्तीवर जेवत बसले असतील. आणि कुणी हसायचं थांबलंच, तर निरोपात लिहिलंय तसं मोटारीसाठी पात्रात उतरेल.

ती ग्रंथालयाच्या बाहेर आली, बटण दाबून धरलं.

"मी उत्कर्षा. ह्यो निरोप माजा न्हाय. ह्यो खरा हाय. तहसीलला इचारलंय मी. माज्या खोट्याच्या वेळी मीच सांगितलं हुतं की खोटं हाय. तशीच आता सांगती, खरं हाय. आनि अजून एक. मी लिवलं तवा मोटारी काडा म्हनून लिवलं, सरकारनं बी त्येच लिवलंय. आमी समदी चुकतोय. मोटारी राहू द्या. मानसं आनि जनावरं घिऊन वर शाळंकडं या. नदीत कुनी उतरू नगा. आबा, तुमी तर उतरूच नगा."

खालचं हसणं थांबलं. मग लालसाबचाचांचा एक बोललेला निरोप आला, "पोरगी खोटं लपवीत न्हाय, ह्ये बगितलंय आपुन. ट्रॅक्टर आनतोय. जनावरं सोडा." आणि त्यानंतर गावाकडचे फोन लागेनासे झाले. वीज गेली असावी. ती पायऱ्यांवर बसून राहिली. अंधारून आलं, मेसच्या मावशींनी जेवायला दोनदा हाक मारली, ती उठली नाही.

फोन आला तो अनोळखी नंबरवरून. मागं माणसांचा, म्हशींचा, पोरांचा एकच कालवा.

"उत्कर्षा? आबा बोलतोय. शाळंच्या गच्चीवर हाय."

"आई?"

"हाय. हितंच हाय. समदी हायत." आबांनी दम घेतला. "मोटार गेली. पाईप गेली. शेतातली कोपीबी गेली. बगता बगता गेलं समदं. मी हुबा ऱ्हाऊन बगितलं."

"जाऊ द्या, आबा."

"जाऊ दिलीच की. उतरलो न्हाय." मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज नेहमीसारखा, जरा दटावणारा झाला. "त्या तुज्या सरास्नी सांग. आनि त्या तहसीलवाल्याला बी. फुडच्या बारीला कागद लिवताना मोटारीचं नाव काडू नगा म्हनावं. मानूस मोटार म्हनलं की पळतंय बग."

उत्कर्षा "सांगते" म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं, ते आबांनी फोन न ठेवता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.